कर कोण भरतो आणि नाव कोणाचे होते?

(वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात 11 एप्रिल रोजी महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



आज जोतीरावांच्या चरित्रावर बोलावे अशी आपली आज्ञा होती. ते चरित्र आपली मुले दरसाल येथे म्हणून दाखवितात आणि माझ्यापेक्षा बरे म्हणतात. तेव्हा ते काम त्यांच्याकडेच राहू द्यावे. मी आज प्राप्तिकरावर, म्हणजे इन्कम टॅक्सवर, चार शब्द बोलणार आहे. सभेला येताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विषय ऐकला व म्हणाले, "मास्तर, आमाले तो टॅक्स लागतच नाही. मंग आमाले त्याचं काय?" माझे भाषण त्यांनाच उद्देशून आहे असे त्यांनी समजावे.

गेल्या पावसाळ्यात मी रिसोडहून एसटीने येत होतो. पुढच्या बाकावर दोन सुखवस्तू गृहस्थ कर्जमाफीच्या गोष्टी करीत होते. एक म्हणाला, कर आम्ही भरावा आणि कर्ज यांचे फिटावे! माझ्या शेजारी आपल्याच गावचा एक कास्तकार फवारणीच्या औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मान खाली घातली. मी वीस वर्षे मुलांना गणित शिकविले, परंतु त्या वेळी माझ्याही तोंडून शब्द निघाला नाही. घरी आल्यावर त्याच्या हातातली पावती मागून घेतली आणि फळ्यावर मांडली. औषधाची किंमत हजार, त्यावर शेकडा 18 प्रमाणे जीएसटी 180, एकूण 1180. मान खाली घालणारा तो मनुष्य एका डब्यामागे 180 रुपये सरकारात भरून आला होता. आणि ज्याने कर भरला त्यालाच आपण कर भरला हे ठाऊक नव्हते!

ही गोष्ट आजची नाही. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले. त्यात त्यांनी सरकारला बजावले की, तिजोरीतला मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो, वरच्या व श्रीमंत वर्गाकडून जवळजवळ काहीच येत नाही, आणि त्या पैशावर उच्च शिक्षण मात्र वरच्यांची मुले घेतात. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड शेतकरी देत होताच. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. या देशात प्राप्तिकर प्रथम 1860 साली आला. सत्तावनच्या बंडाने सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून जेम्स विल्सन नावाच्या साहेबाने तो बसविला. पैसेवाल्यांनी ओरड केली, तो 1865 साली उठला, पुन्हा आला, पुन्हा गेला, आणि 1886 च्या कायद्याने कायमचा बसला. शेतसारा मात्र एवढ्या अवधीत एक दिवसही उठला नाही. ज्याला ओरडता येते त्याचा कर उठतो हे तेव्हापासूनचे आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात नुकतेच गेले होते. 24 फेब्रुवारीला अंदाजपत्रकावर ते बोलावयास उभे राहिले. त्यांनी काढलेला मुद्दा एवढा सोपा होता की चौथीच्या मुलालाही समजावा. प्राप्तिकरात ज्याला उत्पन्न नाही त्याला कर नाही. पण शेतसाऱ्यात पीक बुडाले तरी सारा सुटत नाही, आणि एक एकरवाला व शेकडो एकरांचा जहागीरदार दोघांनाही एकच दर. त्या वेळी दोन हजारांच्या आत उत्पन्न असणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा वकिलाला प्राप्तिकर माफ होता. एक एकरवाल्याला अशी पायरीच नव्हती. कर माणसाच्या ऐपतीवर बसावा, जमिनीच्या तुकड्यावर नव्हे, हे त्यांचे म्हणणे. याच पुरुषाने 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 1937 साली कोकणातली खोती मोडण्याचे बिल मुंबईच्या असेंब्लीपुढे आणले. पक्ष काढण्याच्या नऊ वर्षे आधीच कराविषयी त्यांचे मत ठरलेले होते. हल्ली पक्ष आधी निघतो आणि मत मागाहून शोधावे लागते. असो.

शेतसारा आज नावापुरता उरला. मग बाबासाहेबांचा मुद्दा जुना झाला काय? मुळीच नाही. शेतसारा गेला आणि त्याच्या जागी दुकानातला कर आला. 1 जुलै 2017 पासून त्याचे नाव जीएसटी. दोन एकरांचा सोयाबीनवाला तोच डबा घेतो, दोनशे एकरांचा धनीही तोच घेतो, आणि शेकडा 18 दोघांनाही! डिझेल जीएसटीत नाही, पण त्यावरचाही कर लिटरमागे दोघांना सारखाच. शिवाय यात एक खुबी आहे, ती ध्यानात घ्या. दुकानदार वरून माल घेताना जो कर भरतो तो त्याला पुढच्या हिशेबात वळता करून मिळतो. त्याच्या वरच्या घाऊक व्यापाऱ्यालाही मिळतो. तो कोणाला मिळत नाही? जो शेवटचा, त्याला. आपला लोहारदादा लोखंड घेतो त्यावर शेकडा 18 भरतो. त्याची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या कितीतरी आत, म्हणून त्याला नोंदणी नको. आणि नोंदणी नाही म्हणून वळतेही नाही. विळ्याचे चार रुपये जास्त मागितले तर तुम्हीच त्याच्याशी हुज्जत घालता. म्हणजे कर वरून घरंगळत येतो आणि आपल्या दोघांच्या उंबऱ्यावर थांबतो.

आता श्रीमंतांच्या प्राप्तिकराचे पक्षोपक्षांनी काय केले ते पाहू. मी जिल्हा परिषदेचा नोकर आहे. अमक्याला मत द्या असे मला सांगता येत नाही, आणि सांगावयाचेही नाही. झाले तेवढे सांगतो.

1971 साली 'गरिबी हटाव' म्हणत काँग्रेस निवडून आली. त्या काळी अगदी वरच्या पायरीवर, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या वरच्या उत्पन्नावर, कर होता शेकडा 97.75. शंभर रुपयांतून सव्वादोन रुपये हातात! ऐकून बरे वाटते. मलाही तरुणपणी फार बरे वाटले होते. परंतु त्याच साली वांच्छू समितीने सांगितले की, एवढ्या दराने कर वसूल होत नाही, काळा पैसा वाढतो. कागदावर 97 आणि पेटीत निराळेच. 1974 मध्ये दर 77 वर आला, 1985 मध्ये 50 वर, 1997 मध्ये 30 वर. त्याच 1985 साली, पुन्हा काँग्रेसच्याच राज्यात, बापाच्या इस्टेटीवर वारसाला लागणारा इस्टेट ड्यूटी हा करही गेला. 1957 पासून संपत्तीकर होता, तो भाजपच्या सरकारने 2015 साली काढला आणि त्याऐवजी कोटीवरच्यांचा अधिभार वाढविला. जुलै 2019 मध्ये पाच कोटींवरच्या उत्पन्नाचा अधिभार 37 टक्के केला. तो धरून कर 42.74 होत होता. तीन महिने गेले नाहीत तोच, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना दर 30 वरून 22 केला. 2023 मध्ये नव्या पद्धतीत तो अधिभारही 25 वर आणला. आता कितीही कोटी मिळवा, शेकडा 39 च्या वर जात नाही. 2024 च्या निवडणुकीत वारसाकराचा नुसता शब्द निघाला तर काँग्रेसने आपला त्याच्याशी संबंध नाही म्हणून हात झटकले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने संपत्तीकर व वारसाकर आपल्या जाहीरनाम्यात उघड लिहिला. पण त्यांचे उमेदवार आपल्याकडे किती, हे आपण जाणताच.

आणि 2025 च्या अंदाजपत्रकात काय झाले? नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही. माझा पगार त्याच्या आत बसतो. फेब्रुवारीत कापला जाणारा माझा कर सुटला. घरी आनंद झाला, मीही पेढे आणले. खोटे कशाला बोलू? पण पेढा खाताना एसटीतल्या त्या कास्तकाराची आठवण झाली. आता मीही प्राप्तिकर भरत नाही, तोही भरत नाही. मला कोणी मान खाली घालावयास सांगत नाही. पगारदाराची सूट ती सूट, आणि कुणब्याची माफी ती भीक! सप्टेंबर 2025 मध्ये साबणाचा व ट्रॅक्टरचा जीएसटी पाचवर आला, ते चांगलेच झाले. औषधाचा 18 तसाच राहिला.

माझे म्हणणे असे नाही की दर पुन्हा 97 करा. वसूल न होणारा मोठा दर हा पुढाऱ्याच्या भाषणाला उपयोगी, रयतेला नव्हे. वसूल होईल असा दर कोटीकोटी मिळविणाऱ्यांवर असावा, वाडवडिलांच्या गडगंज इस्टेटीवर काही असावा, आणि तेवढा फवारणीच्या डब्यावरचा कमी व्हावा.

आता जे बोलतो ते येथे काहींना आवडणार नाही. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून पूर्ण वगळलेले आहे. घटनेप्रमाणे त्यावर कर बसविणे राज्याच्या हाती. बिहारात 1938 साली काँग्रेस मंत्रिमंडळाने तो बसविलाही होता. ही सूट आपल्या दोन एकरवाल्यासाठी आहे असे सांगतात. परंतु दोन एकरवाल्याला उत्पन्नच कोठे आहे की त्याने कर भरावा? सूट नसती तरी तो सुटलाच असता. मग लाभ कोणाला? शहरात दुसराच धंदा करून सातबाऱ्यावर नाव लावणाऱ्याला. द्राक्षात, उसात, डाळिंबात पन्नास लाख मिळाले असे तो लिहून देतो. अशा सुटी पुरेसे कागद न पाहता दिल्या गेल्याचे भारताच्या महालेखापरीक्षकांनी 2019 साली दाखविले आहे. आपल्या फाटक्या धोतराआड तो लपतो. पुढच्या रांगेतले काही जण हसत आहेत, काही हसत नाहीत. मला दोन्ही दिसतात. पन्नास लाख जर खरोखर शेतीतून येत असतील तर त्या शेतकऱ्यानेही व्यापाऱ्याप्रमाणे कर भरावा, हे बाबासाहेबांच्याच हिशेबाने येते. पायरी उंच ठेवा, म्हणजे आपल्या गावातला एकही माणूस त्यात सापडणार नाही. बहुधा एखादा सापडेल.

आता एक विनंती करून बसतो. प्रत्येकाच्या घरी खताच्या, औषधाच्या, पाइपाच्या, लोखंडाच्या पावत्या कोनाड्यात किंवा पिशवीत पडलेल्या असतील. ज्यांनी पावती घेतली नसेल त्यांनी यापुढे मागून घ्यावी. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता त्या शाळेत आणा. सातवीची मुले करवार बेरीज करतील आणि घरागणिक आकडा फळ्यावर लिहितील. बायांनी किराण्याच्या चिठ्ठ्याही आणाव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलगी वाचून दाखवील. चहाची व्यवस्था माझ्याकडे.