जळालेल्या वस्तीचा आवाज



न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून महामार्ग काढताना हजारो लोकांची घरे पाडण्यात आली. पुढे १९७० नंतरच्या दशकात तेथील इमारतींच्या रांगाच्या रांगा आगीत जळाल्या. त्याच भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकातून आलेल्या कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजविल्या. पुढे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून त्याने तालाचा तुकडा लांबविला. त्या तालावर तरुण नाचू लागले, बोलू लागले. तेच हिपहॉप होय. त्यास ना वाद्यवृंद लागला, ना रंगमंदिर; म्हणूनच ते जगभरच्या गरीब वस्त्यांस आपले वाटले.

सेनेगल देशाचेच उदाहरण घ्या. २०११ साली डाकार येथील रॅप गायकांनी व पत्रकारांनी ‘आता पुरे’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभारली आणि तरुणांस मतदारयादीत नावे नोंदविण्यास प्रवृत्त केले. २०१२ च्या निवडणुकीत अध्यक्ष अब्दुलाय वाद पराभूत झाले. हे गायक आपल्या वोलोफ भाषेतही गात होते.

ताल उसना घेता येतो. गाऱ्हाणे मात्र ज्याचे त्यानेच, आपल्या भाषेत मांडावे लागते. ब्राँक्सने जगाला दिले ते हेच.