वॉर्डाचा हिशोब

वॉर्डात एका जागी चोवीस तास एक परिचारिका हजर हवी असेल, तर माणसं किती लागतात? दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या २१ ड्युट्या. एकीच्या वाट्याला सहा. साडेतीन जणी इथेच लागल्या. शिवाय रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी भारतीय परिचर्या परिषद आणखी ३० टक्के धरायला सांगते. आकडा साडेचारच्या वर जातो. ‘तीन पाळ्यांना तिघी’ म्हणणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत!

हा मेळ बसवते परिसेविका, आपली इन्चार्ज सिस्टर. ड्युटी लिस्ट तिची, औषधांचा इंडेंट तिचा, चादरींची मोजणी तिची, नातेवाइकांची भांडणंही तिचीच. आणि हे तिला शिकवतं कोण? बढती बहुतेक सेवाज्येष्ठतेनं मिळते. कालपर्यंत उत्तम सलाईन लावणारी बाई आज अख्ख्या वॉर्डाची प्रमुख होते.

शिकायची सोय नाही असं नाही. बी.एस्सी. नर्सिंगनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. तिच्या दुसऱ्या वर्षाला परिचर्या व्यवस्थापन हा विषय आहे: मनुष्यबळ, अंदाजपत्रक, गुणवत्ता, तंटे. पण तो एक विषयच. विशेष अभ्यास बालरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य अशा शाखांचा. अमेरिकेत नेतृत्व आणि व्यवस्थापनाची वेगळी पदव्युत्तर पदवी घेता येते. आपल्याकडे एम.एस्सी. झालेली मुलगी बहुधा कॉलेजात शिकवायला जाते. वॉर्डात या पदवीला सहसा ना वेगळं पद, ना पगारात फरक. मग ती थांबेल कशाला? बढतीच्या नियमांतच या पदवीला वजन हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यवस्थापन शिकलेल्या सिस्टरला आकड्यांनिशी बोलता येतं. नुसता ‘माणसं कमी पडतात’ हा अर्ज फायलीत पडून राहतो. परिचर्येच्या अमेरिकन संशोधक लिंडा एकन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास मांडला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. असा कागद समोर आला, की साहेबांनाही उत्तर द्यावं लागतं.

एम.एस्सी. करणाऱ्या भगिनींनो, प्रबंधाचा विषय शोधत असाल तर आपल्याच वॉर्डाची रजिस्टरं काढा. कोणत्या पाळीत रुग्ण पडले, कोणाला बेडसोर झाले, त्या वेळी ड्युटीवर किती जणी होत्या, एवढं आधी लिहून काढा.