शाईने केलेला निषेध

निषेध म्हटला की आपल्याला मोर्चे आणि घोषणा आठवतात. परंतु केवळ शाईने केलेला एक निषेध मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

सन १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या वेळी चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडला. भुकेने खंगलेल्या माणसांची त्याने काळ्या शाईत चित्रे काढली, सोबत त्यांची हकिगत लिहिली. त्याची 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका निघाली. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या.

एवढे बलाढ्य सरकार एका पुस्तिकेला का घाबरले? कारण मृतांच्या आकड्यांत हरवलेल्या माणसाला तेथे चेहरा मिळाला होता. आकडा नाकारता येतो, चेहरा नाकारता येत नाही.

तरीही एक प्रत वाचली, आणि २०११ साली ती पुन्हा छापली गेली.

आपल्या मुलांना चित्रकला शिकविताना हे ध्यानात ठेवू या. फुलदाणी रेखाटता येणे चांगलेच. पण समोरच्या माणसाचे दुःख नजर न चुकविता पाहणे हेही त्यांना आले पाहिजे.