कोयनेचा उजेड



डोक्यावरचा हा दिवा बघा. त्यातली थोडी वीज कोयनेची असेल. महाबळेश्वरात उगम पावणारी ही नदी कऱ्हाडला कृष्णेला मिळते. १९६४ साली धरण पुरं झालं. सह्याद्री पोखरला, बोगद्यातनं पाणी पश्चिमेला वळवलं. पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरनं पडणारं पाणी तिथं चाकं फिरवतं आणि वाशिष्ठीतनं समुद्राला जातं. सगळा प्रकल्प मिळून १९६० मेगावॅट!

हा खडक कुणी फोडला? कोनशिलेवर पुढाऱ्यांची नावं असतात, पाट्या वाहणाऱ्यांची नसतात.

गावं बुडाली. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ला. आधी पाणी, मग कायदा! आणि भरपाई मोजायची सातबाऱ्यावर. दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्यानं कुठला कागद दाखवायचा?

म्हणून धरणंच नकोत? तसं नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीजही त्यांच्याच खात्याकडं होती. १९४३ला त्यांनी सरळ मांडलं, की स्वस्त वीज नाही तर कारखानदारी नाही, आणि कारखानदारी नाही तर दारिद्र्यातनं सुटका नाही.

तेव्हा आपलं भांडण विजेशी नाही, वाटणीशी आहे. वस्तीत तार आली म्हणून खूश होऊ नका. त्या तारेनं आपल्या किती पोरांच्या हाताला काम दिलं, ते विचारा. बाबासाहेबांचं माप हेच आहे.

जयभीम!