जिनिंगच्या फाटकावर ‘एआय’

हंगामात लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे चक्कर मारा, नाहीतर जिल्ह्यातल्या कोणत्याही जिनिंगच्या फाटकाशी उभे राहा. गाडी आली की ग्रेडर मूठभर कापूस घेतो, दाबतो, धागा ओढून पाहतो आणि भाव बोलतो. उद्या हेच काम कॅमेरा करील, असे सांगत कोणी दारात आला, तर मालकाने काय करावे?

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, ही काही जादू नव्हे. संगणकाला हजारो छायाचित्रे दाखवून शिकवलेले असते. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी ‘वाधवानी एआय’ने केलेले ॲप कामगंध सापळ्यातले पतंग छायाचित्रावरून मोजते. काम नेमके असले की ते जमते. पण दुसऱ्या मुलखातल्या कापसावर शिकलेला कॅमेरा आपली कवडी ओळखेलच, असे नाही. पहिला वेचा आणि फरदड यांत तर जमीन-अस्मानाचा फरक! प्रात्यक्षिक बहुधा पहिल्या वेच्यावरच होणार. शिवाय नुसता ओलावाच मोजायचा, तर साधे मीटर पुरते. हे विकणारा आपणहून कशाला सांगेल? त्याचाही धंदाच आहे.

म्हणून सल्ला अशाचा घ्यावा, ज्याला त्या विक्रीतून दमडीही मिळत नाही. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणती प्राध्यापक मंडळी आहेत. फी पडली तर द्यावी. लाखांच्या यंत्रापुढे ती किती? शंभर-दोनशे ढीग निवडा. ग्रेडर आणि कॅमेरा, दोघांनाही एकमेकांचे न कळता प्रत लिहू द्या. त्याच ढिगांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा आणि मग ताडून पाहा. फरदडीपर्यंत हे चालू ठेवा.

१७० किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. प्रत चुकीची लागली, तर फटका मालकाला, नाहीतर शेतकऱ्याला. ‘मशीनने सांगितले’ हे उत्तर शेतकऱ्याने का ऐकावे? कॅनडात एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला भाडेसवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीने हात वर केले. २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. तेव्हा चूक झाल्यास पैसे कोण भरणार, हे विक्रेत्याकडून करारात आधी लिहून घ्या.

आणि ग्रेडरला निदान पहिला हंगाम तरी काढू नका. वीज गेली, कॅमेरा बंद पडला, तरी फाटकावर गाड्या उभ्याच असतात.