तांबट आळीतून स्वागत



 माझा सगळा जन्म पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत गेला. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की ताठरतो, मग भट्टीत घालून पुन्हा मऊ करावा लागतो. ती वेळ कशी ओळखायची, हे वडिलांनी सांगितलं नाही. त्यांनी ठोक्याचा बदललेला आवाज ऐकवला.

या परिषदेच्या स्वागत समितीत आहे म्हणून तयारीच्या बैठकीला आलो, तेव्हा मार्गदर्शनासाठी आलेल्या प्राध्यापक बाईंच्या एका विद्यार्थिनीने मला दोन फ्लास्क दाखवले. दोन्हींत हिराकसाचं, म्हणजे लोहाच्या क्षाराचं, आंबट पाणी. एकातलं फिकट हिरवंच होतं. जीवाणू सोडलेलं दुसरं आठवडाभरात गंजासारखं लालसर झालेलं. हे जीवाणू लोहावर पोट भरतात. त्यांनी पालटलेलं लोह गंधकात अडकलेल्या तांब्याला सोडवतं आणि तांबं पाण्यात उतरतं, आपल्या ओळखीच्या मोरचुदाच्या रूपात. तशा निळ्या पाण्यात तिने लोखंडी खिळा बुडवला. थोड्या वेळाने काढला, तर त्यावर तांबं चढलेलं! हयातभर तांबं हाताळलं, पण पाण्यातून येताना ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो खिळा मी मागून घेतला. आज खिशात आहे.

स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणींत अशा पाण्यातून तांबं काढण्याची रीत फार जुनी. त्यामागे कोणाचे हात आहेत, हे मात्र १९४७ साली अमेरिकेत कोळशाच्या खाणीच्या आम्लधर्मी पाण्यात हा जीवाणू सापडल्यावर उलगडू लागलं. पुढे चिलीत, शेकडा एक भागही तांबं नसलेल्या दगडांचे ढीग रचून याच जीवाणूंकडून तांबं मिळवलं गेलं. पूर्वी असा दगड टाकून देत.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, एक आग्रहाची विनंती. हेच जीवाणू सोडून दिलेल्या खाणीत मोकाट वाढले, की ओढ्यात आम्ल आणि विषारी धातू उतरतात, मासे मरतात. म्हणून तांबं कसं काढायचं हे शिकताना, उरलेल्या पाण्याचं काय करायचं, हेही बाईंना खोदून खोदून विचारा. त्या कंटाळणार नाहीत. मी स्वतः तासभर विचारत बसलो होतो.

उद्या चारनंतर सगळ्यांनी आमच्या आळीत यावं. भट्टी पेटती ठेवतो. हातोडा तुमच्या हाती देतो आणि ठोक्याचा आवाज कुठे बदलतो, ते ऐकवतो.