शरदाच्या अखेरचा ट्राउट

मासा हा शब्द कानीं पडतांच आपल्या घरांतून दोन तट पडतात. एकाला तव्यावरील तुकडी आठवते, तर दुसरा पानावरून उठण्याच्या बेतांत असतो. आज ज्या माशाविषयीं मी बोलणार आहें, तो या दोन्ही तटांना सारखाच परका वाटेल. कारण तो खाण्यासाठीं धरावयाचा नसून, धरल्यावर पुन्हां पाण्यांत सोडून द्यावयाचा आहे. तीन-चार तास कमरेएवढ्या बर्फगार पाण्यांत उभें राहावयाचें, बोटें बधिर होऊं द्यावयाचीं, आणि दैव अनुकूल झालेंच तर हातीं आलेला मासा क्षणभर पाहून त्याला निरोप द्यावयाचा, हा उद्योग कोणाही व्यवहारी गृहस्थाला वेडेपणाचा वाटणें स्वाभाविक आहे. तरी या वेडेपणाच्या पोटीं निसर्गाचें पुष्कळसें ज्ञान सांठलेलें आहे, आणि त्याच्या जोडीला एक अवघड प्रश्नही आहे.

स्थळ अमेरिकेच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वताचें. तेथें १८७२ सालीं स्थापन झालेलें यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानाच्या पश्चिम भागांत फायरहोल आणि गिबन या दोन नद्यांचा संगम होतो व तेथून पुढें मॅडिसन नदी सुरू होते. समुद्रसपाटीपासून ही जागा सुमारें दोन हजार मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही पुष्कळ वर. फायरहोलच्या कांठीं उकळत्या पाण्याचीं कारंजीं व कुंडें आहेत. त्यांचें ऊन पाणी नदींत मिसळत असल्यामुळें भर उन्हाळ्यांत ती ट्राउटला सोसवेनाशी होते आणि मासे थंड उपनद्यांच्या मुखाशीं जाऊन गर्दी करतात. ऑक्टोबर लागला कीं चित्र पालटतें. पहांटे कांठचें गवत गोठलेल्या दंवानें पांढरें होतें, नदीवर वाफेचा पडदा उभा राहतो, आणि त्या पडद्याआडून एखादा बायसन, आपल्या गव्याचा तो केसाळ भाईबंद, संथपणें पाणी ओलांडून जातो. अस्वलेंही या दिवसांत जागीं असतात. हिंवाळ्याच्या निद्रेपूर्वीं पोट भरून घेण्याची त्यांना घाई असते. मच्छीमारानें नदीकडे एक व रानाकडे एक असे दोन डोळे ठेवावे लागतात तें यासाठींच.

उद्यानाच्या हद्दीपलीकडे मॅडिसनवर हेब्गेन नांवाचा तलाव आहे. त्याचें धरण पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या काळांत बांधलें गेलें. १९५९ च्या १७ ऑगस्टच्या रात्रीं तेथें मोठा भूकंप झाला. धरण कसेंबसें टिकलें. परंतु खालच्या अंगाला डोंगराचा कडाच नदींत कोसळून एक नवा तलाव निर्माण झाला, आणि अठ्ठावीस माणसें प्राणांस मुकलीं. आपल्या कथेचा नायक मात्र वरच्या तलावांत राहतो.

हा नायक म्हणजे तपकिरी ट्राउट. अंग सोनेरी तपकिरी, त्यावर काळे ठिपके आणि फिकट कडांचे तांबडे ठिपके. लहानपणीं तो पाण्यांतील किड्यांवर जगतो. मोठा झाल्यावर लहान मासे गिळूं लागतो, आणि मग त्याचें अंग झपाट्यानें भरतें. तलावांत खाद्याची ददात नसल्यामुळें पन्नास-साठ सेंटीमीटर लांबीचे, दीड-दोन किलो वजनाचे मासे तेथें तयार होतात. परंतु वर्षाचे बहुतेक दिवस ते खोल पाण्यांत असतात, रात्रीं हिंडतात, आणि मनुष्याच्या दृष्टीला पडत नाहींत. वृद्ध ट्राउटइतका संशयी प्राणी मीं तरी दुसरा पाहिलेला नाहीं. कांठावरील माणसाची सांवली पाण्यावर पडली तरी त्या दिवसापुरता तो नाहींसा होतो.

हा सर्व सावधपणा त्याला वर्षांतून एकदां बाजूला ठेवावा लागतो. दिवस आंखूड होऊं लागले, पाणी गार होऊं लागलें, कीं त्याच्या शरीरांत प्रजोत्पत्तीची हांक उठते. या माशाचीं अंडीं तलावाच्या गाळांत जगत नाहींत. त्यांना वाहतें, प्राणवायूनें भरलेलें पाणी आणि स्वच्छ खडी पाहिजे. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्यें तलावांतील मासे मॅडिसनमधून वर चढूं लागतात आणि फायरहोल व गिबन या नद्यांच्या धबधब्यांपर्यंत पोंचतात. पुढें धबधबे त्यांची वाट अडवितात. नराचा खालचा जबडा याच काळांत आंकड्यासारखा वर वळतो व रंग अधिक गडद होतो. मासा भुकेला असतो असें नाहीं. उलट खाण्यावरची त्याची वासना कमीच झालेली असते. परंतु तो चिडखोर झालेला असतो, आणि तोंडासमोरून जाणारी कोणतीही क्षुद्र वस्तु त्याला आपल्या हद्दींतील आगळीक वाटते. त्याच्या मागोमाग इंद्रधनुषी ट्राउटही तलावांतून वर येतात. त्यांचा विणीचा हंगाम वसंतांतला, त्यामुळें या यात्रेंत ते केवळ खाण्याच्या लोभानें सामील झालेले असतात.

आतां साधनाविषयीं. येथें गांडूळ वा कणकेची गोळी चालत नाहीं. उद्यानांतील या नद्यांवर केवळ कृत्रिम माशीनेंच मासे धरण्याची परवानगी आहे, आणि गळाला उलटा कांटा असतां कामा नये. माशी म्हणजे गळावर पिसें, लोकर व दोरा गुंडाळून केलेली किड्याची किंवा लहानशा मासोळीची प्रतिमा. तिला वजन जवळजवळ नसतेंच. मग ती दूर फेकावयाची कशी? येथेंच या विद्येची खुबी आहे. वजन माशीला नसून दोराला असतें. नऊ-दहा फूट लांबीची लवचिक काठी मागें-पुढें झुलवून दोराचा एक फांस हवेंत उलगडावयाचा, आणि तो उलगडतां उलगडतां माशी आपोआप पुढें जाऊन पाण्यावर उतरते. ही युक्ति जुनी आहे. रोमन काळांतील ग्रंथकार ईलियन यानें मॅसिडोनियांतील लोक तांबडी लोकर व कोंबड्याचीं पिसें गळाला बांधून मासे धरीत, असें लिहून ठेवलें आहे.

पिसांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. सामन माशासाठीं इंग्लंड-स्कॉटलंडांत बांधल्या जाणाऱ्या जुन्या नामांकित माश्यांवर मेणचट तकाकीच्या पिवळट-पांढऱ्या ठिपक्याचें एक पीस असतें. तें आपल्या सह्याद्रींतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरचें. एके काळीं हीं पिसें येथून परदेशीं जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्याला संरक्षण मिळालें आहे आणि तिकडील कारागीर पाळीव पैदाशीच्या पक्ष्यांचीं पिसें वापरतात. कोंकणच्या रानांत पहांटे आरवणारा हा कोंबडा स्कॉटलंडच्या नद्यांवर कित्येक पिढ्या पोहत होता, हें आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल. आणि हा सारा नाद साहेबाचाच, असेंही समजूं नये. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं सोमेश्वर तिसरा या राजानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील मत्स्यविनोदाच्या प्रकरणांत काठी व दोर कसे असावे, कोणत्या माशाला कोणतें खाद्य घालावें, हें सर्व शास्त्रशुद्ध रीतीनें सांगितलें आहे.

मॅडिसनवरील कृति वर्णन करण्यास सोपी व करण्यास कठीण आहे. उद्यानाच्या पश्चिम प्रवेशद्वाराजवळ बार्न्स पूल्स नांवाचे डोह आहेत; वर चढणारे मासे तेथें विसांवा घेतात. मच्छीमार डोहाच्या वरच्या टोंकाला पाण्यांत उतरतो, प्रवाहाला तिरकी अशी माशी फेंकतो, आणि ओढीनें ती कमानीसारखी फिरून कांठाकडे येईपर्यंत थांबतो. मासा आला नाहीं तर एक पाऊल खालीं सरकावयाचें आणि पुन्हां फेंकावयाचें. मागाहून येणारा रांगेच्या शेवटीं, म्हणजे वरच्या टोंकाला, उभा राहतो; मध्यें घुसणें हा तेथें मोठा असभ्यपणा समजला जातो. मुंबईच्या बसच्या रांगेंत कधींकाळीं दिसणारी शिस्त या अरण्यांत बर्फाळ पाण्यांत उभे असलेले लोक बिनबोभाट पाळतात, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें. स्वच्छ ऊन पडलेला रमणीय दिवस या कामीं निरुपयोगी. ढगाळलेलें आभाळ, भुरभुरणारें बर्फ आणि काठीच्या कड्यांतून गोठून अडकणारा दोर, हीच खरी सुवेळ. कारण अंधुक प्रकाशांत मोठा मासा निर्धास्त असतो.

येथपर्यंत सर्व ठीक. पण मासा हातीं लागण्याची संधि नेमकी तो प्रजोत्पत्तीसाठीं निघाला असतां येते, आणि मघाशीं म्हटलेला अवघड प्रश्न तो हाच. मादी कुशीवर वळते आणि शेंपटीच्या फटकाऱ्यांनीं खडींत खळगा करते. त्यांत अंडीं घातलीं जातात, नर तीं फलित करतो, आणि मादी वरच्या बाजूची खडी उकरून तीं झांकते. शेवाळलेल्या काळसर तळावर हें घरटें फिकट, धुतल्यासारखें दिसतें. उथळ पाण्यांत असल्यामुळें तेथें उभे असलेले मोठे मासे लहान पोरालाही दिसतात, आणि तेथें गळ टाकणाऱ्याला कौशल्याची मुळींच गरज नसते. शिवाय तो चालतांना नकळत घरट्यावर पाय देतो. मोंटानांतील दोन संशोधकांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, घरट्यावरून रोज दोनदां माणूस चालत गेल्यास अंडीं व पिल्लें मिळून शेंकडा ९६ पर्यंत नष्ट होतात. आणि अंडीं फुटण्याच्या सुमारास एकदांच पाय पडला तरी नुकसान शेंकडा ४३ पर्यंत जातें. एका छायाचित्रासाठीं ही किंमत फार झाली.

कांहीं मच्छीमार म्हणतात, हा हंगामच वर्ज्य करावा. कायद्यानेंही बहुतेक ठिकाणीं हद्द घातलेली आहे. यलोस्टोनांतील बहुतेक पाणी ३१ ऑक्टोबरला बंद होतें, आणि आपल्या हिमाचल प्रदेशांत १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटला हात लावण्याची बंदी असते. माझें मत इतकें कडक नाहीं. खोल डोहांतून वर चढणाऱ्या, अजून जोडी न जमविलेल्या माशाला माशी दाखविण्यांत मला अन्याय दिसत नाहीं. त्या वेळीं तो सबळ असतो, आणि नाकारण्याचें त्याचें स्वातंत्र्य शाबूत असतें. बहुतेक वेळां तो नाकारतोच! पण उथळ खडीवर जोडी स्थिरावली कीं मच्छीमारानें कांठावर यावें, काठी खालीं ठेवावी, आणि हवें तर बसून पाहावें.

यावर एक धूर्त युक्तिवाद ऐकूं येतो. तपकिरी ट्राउट हा अमेरिकेचा मूळ रहिवासी नव्हेच. १८८३ सालीं जर्मनींतून फॉन बेर नांवाच्या सरदारानें त्याचीं अंडीं न्यूयॉर्ककडे धाडलीं, आणि १८९० च्या सुमारास तो यलोस्टोनच्या पाण्यांत सोडण्यांत आला. आपल्याकडेही तो असाच आला. काश्मीरसाठीं पाठविलेलीं अंडीं १८९९ सालीं वाटेंत मेलीं, १९०० सालीं पुन्हां आलीं तीं जगलीं. आणि कुलूच्या बियास नदीच्या खोऱ्यांत १९०९ पासून त्याची पैदास सुरू झाली. मॅडिसनच्या खोऱ्यांतील मूळचे कटथ्रोट ट्राउट व ग्रेलिंग या पाहुण्यांपुढें मागें हटले, ही गोष्ट खरी आहे, आणि उद्यानाचे शास्त्रज्ञ कांहीं प्रवाहांतून परके मासे काढून मूळचे पुन्हां वसवीतही आहेत. मग उपऱ्याच्या घरट्याची एवढी काळजी कशाला, असें विचारतात. कोणता मासा कोठें असावा हा निर्णय सर्व खोऱ्याचा अभ्यास करून घ्यावयाचा आहे. विचारणाऱ्याला तो अभ्यास करावयाचा नसतो. त्याला फक्त सोपा मासा हवा असतो, आणि त्यासाठीं तो मूळच्या माशांची वकिली उसनी घेतो.

धरलेला मासा सोडण्याची रीतही सांगतों, कारण त्यांत हयगय फार होते. हात आधीं पाण्यांत भिजवावे. कोरड्या हातानें माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघून जातें व तेथें रोग शिरतो. त्याला पाण्याबाहेर फार काळ ठेवूं नये. शून्याखालच्या हवेंत तर त्याचे नाजूक कल्ले गोठण्याचें भय असतें. तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखालीं अलगद हात धरून उभें राहावें. शरदांतील थंड पाण्यांत प्राणवायु विपुल असल्यामुळें उन्हाळ्यापेक्षां तो लौकर सांवरतो. शेंपटीचा एक हिसका बसतो आणि बोटांमध्यें नुसतें पाणी राहतें.

नोव्हेंबरांत तेथें बर्फ साचूं लागतें व रांगेंतील माणसें घरोघर जातात. जोड्या विरून मोठे मासे तलावाकडे परततात, कांहीं अशक्ततेनें मरतात. खडीखालचीं अंडीं मात्र काम चालूं ठेवतात. पाणी पांच अंश असलें तर त्यांना फुटण्यास सुमारें तीन महिने लागतात, त्याहून थंड असलें तर आणखी. फुटल्यावरही पिल्लें लगेच वर येत नाहींत. पोटाशीं बांधलेल्या पिवळ्या शिदोरीवर तीं खडीच्या फटींतच कांहीं आठवडे काढतात. ती संपली कीं वसंताच्या आरंभीं एके रात्रीं वर येऊन प्रवाहाकडे तोंड करून उभीं राहतात. त्या वेळीं त्यांची लांबी अडीच सेंटीमीटरांच्या आसपास असते.